एकवीस अंकांचा ताळा

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

दोनाचा सदुसष्टावा घात घ्यावा, त्यातून एक वजा करावा. ही संख्या हाती येते. अंक एकवीस. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दशमान स्थानांना अठरा नावं दिली आहेत, एकापासून परार्धापर्यंत. ही संख्या त्या यादीच्या पलीकडे जाते. परार्धात मोजली तर १४७५ परार्ध भरून वर पुष्कळ उरते. तरी कागदावर एका ओळीत मावते.

मोठेपणासाठी मी तिच्याकडे वळत नाही. शून्यं जोडत गेलं की हवी तेवढी मोठी संख्या कोणालाही लिहिता येते. मी वळतो ते तिच्या चरित्रासाठी. तिच्याविषयी १६४४ साली एक दावा झाला. १८७६ साली निवाडा झाला. १९०३ साली उलगडा झाला. दावा, निवाडा आणि उलगडा ही जाणण्याची तीन वेगळी रूपं आहेत. रोजच्या जगण्यात आपण ती सर्रास एकमेकांत मिसळतो. या संख्येच्या चरित्रात ती सुटी सुटी पाहायला मिळतात.

*

तिची घडण अतिशय सोपी आहे. द्विमान पद्धतीत लिहिली तर ६७ एक ओळीनं उभे राहतात, मध्ये एकही शून्य नाही. एक, दोन, चार, आठ अशी दुप्पट करत ६७ पदांची बेरीज केली, तर हीच संख्या येते. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत ठेवण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पटाला ६४ ऐवजी ६७ घरं असती, तर राजाला नेमके इतके दाणे मोजून द्यावे लागले असते.

हानोईचा मनोरा या कोड्यात चकत्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर न्यायच्या असतात. एका वेळी एकच, आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही. चकत्या ६७ असतील तर कमीत कमी चाली इतक्याच लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर काम संपायला सुमारे ४ लाख ६७ हजार कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे.

एका वाक्यात सांगता येणारी ही घडण. पण ही संख्या कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारानं झाली आहे, की कोणत्याच नाही, हे त्या घडणीकडे पाहून कळत नाही. ज्याची व्याख्या सोपी, त्याचं अंतरंग सोपं असेलच असं नाही.

*

हा प्रश्न मुळात का पडला, त्याचं उत्तर युक्लिडकडे आहे. सहाचे स्वतःहून लहान विभाजक एक, दोन आणि तीन. त्यांची बेरीज सहा. अठ्ठावीसचे एक, दोन, चार, सात आणि चौदा, बेरीज अठ्ठावीस. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात. युक्लिडनं दाखवलं की दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिला दोनाच्या आधीच्या घातानं गुणलं की परिपूर्ण संख्या हाती येते. तीन गुणिले दोन, सहा. सात गुणिले चार, अठ्ठावीस. ३१ गुणिले १६, ४९६. १२७ गुणिले ६४, ८१२८.

यासाठी घातांक स्वतः मूळ असावा लागतो. पण तेवढं पुरत नाही. अकरा मूळ आहे. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केला की २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. सदुसष्टही मूळ आहे. म्हणून सदुसष्टबद्दल आशा धरता येत होती. आशा आणि पुरावा यांच्यामध्ये किती अंतर असतं, ते पुढच्या अडीच शतकांनी दाखवलं.

*

मरँ मर्सेन हा पॅरिसमधल्या मिनिम पंथाचा साधू. युरोपभरचे विद्वान त्याला पत्रं लिहीत आणि तो एकाचं दुसऱ्याला कळवी. शास्त्रीय नियतकालिकं नव्हती त्या काळात त्याची खोलीच विज्ञानाचं टपालघर झाली होती. १६४४ साली त्यानं आपल्या ग्रंथात एक यादी दिली. दोनाचे कोणते घात एकानं कमी केले की मूळ संख्या मिळतात? २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. घातांक २५७ पर्यंत हेच, दुसरे नाहीत.

पुढे तपासणी झाली तेव्हा यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ तिथे नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते. पूर्ण पडताळणी संपायला १९४७ साल उजाडलं.

तरी या संख्यांना नाव मर्सेनचंच आहे. ते योग्य आहे असं मला मनापासून वाटतं. त्यानं यादी दिली नसती तर तपासायला काही उरलं नसतं. ‘काही घातांक चालतात, काही चालत नाहीत’ एवढंच तो म्हणाला असता, तर त्याचं म्हणणं कायम खरं राहिलं असतं, आणि निरुपयोगीही. नेमकेपणानं बोलणारा माणूस स्वतःला चुकीच्या हवाली करतो. शास्त्र अशाच माणसांच्या जोरावर पुढे जातं.

*

त्याच ग्रंथात मर्सेननं असंही म्हटलं आहे की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही. त्याचा हिशेब समजण्यासारखा होता. संख्या मूळ आहे हे भागाकारानं ठरवायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंत जावं लागतं. आपल्या संख्येचं वर्गमूळ १२१४ कोटींच्या पुढे आहे. तिथपर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांनी, सेकंदाला एक भागाकार या गतीनं, न झोपता भागत गेलं तरी १९० वर्षांहून अधिक लागतील.

पण हा काळ आटवण्याची एक रीत मर्सेनच्या हातात आली होती. तूलूझचा न्यायाधीश प्येर द फर्मा यानं १६४० साली त्याला लिहिलेल्या पत्रात ती होती. दोनाचे घात एखाद्या मूळ संख्येनं भागत गेलं की बाक्या ठराविक फेऱ्यानं परत परत येतात. जी मूळ संख्या आपल्या संख्येला भागते, तिच्यासाठी हा फेरा ६७ चा असावाच लागतो. आणि फेऱ्याची लांबी ही भाजकापेक्षा एकानं लहान असलेल्या संख्येला नेहमी निःशेष भागते. म्हणजे भाजकातून एक वजा केला की उरलेल्याला ६७ नं भाग गेला पाहिजे. भाजक विषम असल्यामुळे १३४ नंही. तेवढ्यानं बहुतेक सगळे उमेदवार बाहेर पडतात. आणखी एक नियम आहे: अशा भाजकाला आठानं भागलं तर बाकी एक किंवा सातच उरते. उरलेल्यांतले निम्मे तिथे गळतात. या दोन चाळण्यांतून खाली येणारी पहिली मूळ संख्या १६०९.

सेकंदाला एक भागाकार याच गतीनं १९० वर्षांचं काम आता दीड वर्षाच्या आत येतं. हात तेवढेच, सेकंदही तेवढाच. मध्ये फक्त एक विचार आला. काळ पुरत नाही असं जिथे वाटतं, तिथे बहुतेक वेळा विचार पुरलेला नसतो.

*

एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ साली वाटच बदलली. हानोईच्या मनोऱ्याचं कोडं पुढे १८८३ साली त्यानंच लोकांसमोर आणलं. त्यानं असं ठरवलं की भाजक शोधायचेच नाहीत.

त्याच्या कसोटीला डेरिक हेन्री लेमरनं १९३० च्या सुमारास जे सुटसुटीत रूप दिलं, ते शाळेतल्या मुलालाही करता येईल. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, तपासायच्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा भागाकार. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ. दुसरं काहीही उरलं तर संयुक्त.

३१ घेऊ. घातांक पाच, म्हणून तीन फेऱ्या: चारावरून १४, मग ८, मग ०. एकतीस मूळ. २०४७ घेऊ. घातांक अकरा, म्हणून नऊ फेऱ्या. शेवटी १७३६ उरतात. २०४७ संयुक्त. निवाडा झाला. पण त्या १७३६ कडे कितीही वेळ पाहत बसलं तरी त्यात २३ दिसत नाहीत आणि ८९ ही दिसत नाहीत.

आपल्या संख्येसाठी फेऱ्या ६५. ल्युकानं आपल्या रीतीनं निष्कर्ष काढला: ती मूळ नाही. मर्सेनचा दावा २३२ वर्षांनी पडला. तिचे अवयव आहेत हे सिद्ध झालं. ते कोणते, हे ल्युकाला माहीत नव्हतं, आणि जगात कोणालाच नव्हतं.

*

ही अवस्था सत्तावीस वर्षं टिकली. गणिताबाहेरची माणसं तिच्याशी अनोळखी नाहीत. घरात काही बिनसलं आहे हे उंबरठ्यावरच कळतं. काय बिनसलं ते कळायला कधी कधी अर्धं आयुष्य जातं.

अस्तित्वाचा पुरावा आणि ओळख या दोन गोष्टी आहेत. ‘आहे’ एवढं कळलं की आपल्याला वाटतं, आता ‘काय आहे’ हे कळायला किती वेळ लागणार? पण दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. ल्युकाची कसोटी कितीही वेळा केली तरी ती अवयवांच्या दिशेनं एक पाऊलही जवळ नेत नाही. ती त्या प्रश्नाकडे बघतच नाही, म्हणूनच ती इतकी वेगवान आहे.

निवाडा लवकर मिळतो तो उलगड्याचा आग्रह सोडल्यामुळे. हे गणिताचं बळ आहे. माणसांच्या बाबतीत मात्र मला याची भीती वाटते. अमुक मनुष्य खोटा, तमुक माणूस बिघडलेला, हे निवाडे आपण झटपट देतो. तो कशाकशानं घडला याची आकडेमोड मागे राहते, आणि निवाड्यालाच आपण ज्ञान म्हणू लागतो.

*

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. व्याख्याता फ्रँक नेल्सन कोल. कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक आणि सोसायटीचा चिटणीस. निबंधाचा विषय, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं.

पुढचा प्रसंग एरिक टेंपल बेल या गणितज्ञानं नंतर लिहून ठेवला. बेल स्वतः त्या सभेत नव्हता, ऐकीव हकिकतच त्यानं नोंदवली. ती अशी: कोल फळ्यापाशी गेला. एका बाजूला त्यानं दोनाचा सदुसष्टावा घात हातानं काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे सरकून त्यानं दोन संख्या एकीखाली एक मांडल्या: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांचा गुणाकार ओळीमागून ओळ करत पुरा केला. दोन्हीकडची उत्तरं एक झाली. कोल जागेवर जाऊन बसला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. सभेनं टाळ्या वाजवल्या. प्रश्न कोणी विचारला नाही.

या हकिकतीत बेलनं थोडा रंग भरला असेल. पण त्या दोन संख्यांना रंगाची गरज नाही. त्यांचा गुणाकार १९०३ साली जितका खरा होता तितकाच आज आहे, आणि मर्सेनच्या काळातही होता. उत्तर आधीपासून तिथे होतं. माणूस तिथे पोचायचा होता.

*

हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असं बेलनं कोलला १९११ साली विचारलं. तीन वर्षांचे रविवार, असं त्याचं उत्तर होतं. म्हणजे दीडशेच्या आसपास रविवार.

लहान अवयवच साडेएकोणीस कोटींच्या घरात आहे. त्याच्याआधी एक कोटीहून अधिक मूळ संख्या येतात. फर्माचा नियम आणि आठाच्या बाकीचा नियम लावूनही सव्वासात लाखांच्या आसपास उमेदवार शिल्लक राहतात. कोलनं वर्गांच्या बाक्यांवरून नव्या नव्या चाळण्या तयार केल्या आणि उमेदवार गाळत नेले. प्रत्येक चाळणी कागदावर, हातानं. प्रत्येक बेरजेत चुकायची शक्यता. एक हातचा विसरला, तर खरा अवयव गाळात जाणार आणि पुढचे सगळे रविवार वाया जाणार.

शोध अशा तऱ्हेचा असतो की शेवटच्या रविवारपर्यंत हाती काहीच नसतं. नव्याण्णव टक्के सापडलेला अवयव असा प्रकार नाही. अशा कामात प्रगतीची खूण मिळत नाही. टिकून राहायला फक्त रीतीवरचा विश्वास लागतो, आणि ल्युकाचा तो निवाडा, की अवयव आहेत नक्की. निवाड्यानं उलगडा दिला नाही. पण शोधणाऱ्याला त्यानं धीर दिला.

*

फळ्यावरच्या गुणाकारात ते रविवार कुठेही दिसत नाहीत. उत्तराला घामाचा वास नसतो. काही लोकांना याचं वाईट वाटतं. मला यात एक मोठी सभ्यता दिसते. कष्ट फार झाले म्हणून उत्तर जास्त खरं ठरत नाही, आणि कष्ट झाले नाहीत म्हणून कमी खरं ठरत नाही. कोलनं आपले कष्ट सांगून सभेचा कौल मागितला नाही. त्यानं दोन संख्या मांडल्या आणि निर्णय गुणाकाराकडे सोपवला.

आपली बाजू मांडताना आपण किती वेळा कष्टांचा दाखला देतो! इतकी वर्षं घालवली, इतकं सोसलं, म्हणून माझं म्हणणं ऐका. कष्टांचा मान वेगळा ठेवावा आणि म्हणण्याचा ताळा वेगळा घ्यावा. दोन्ही एकाच तराजूत घातले की दोन्हींचं नुकसान होतं.

*

रविवार हा शब्द मला या गोष्टीत फार मोलाचा वाटतो. या संख्यांच्या इतिहासात पोटापाण्याच्या वेळेबाहेरचा वेळ पुष्कळ आहे. मर्सेन साधू होता, फर्मा न्यायाधीश. मर्सेनच्या यादीतून सुटलेला ६१ हा घातांक १८८३ साली इव्हान पेर्वुशिननं हुडकला. तो उरल पर्वताकडचा खेड्यातला धर्मगुरू. काहींना वाटतं की मर्सेनच्या यादीतले ६७ म्हणजे ६१ चीच छपाईतली चूक असावी. ८९ आणि १०७ हे घातांक १९११ आणि १९१४ साली राल्फ अर्नेस्ट पॉवर्सनं दाखवून दिले. तो अमेरिकेत रेल्वे कंपनीत नोकरीला होता. आपल्याकडे देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर अंकांशी बोलत राहिले, आणि ६१७४ हा आकडा त्यांच्या नावानं जगभर ओळखला जातो.

या माणसांना कोणी हे काम दिलं नव्हतं. न केल्याबद्दल कोणी जाब विचारणार नव्हतं. माणूस कोण आहे हे त्याच्या कामाच्या तासांवरून थोडं कळतं. मोकळ्या वेळेत तो कशाकडे ओढला जातो, त्यावरून अधिक कळतं.

*

दोन संख्यांचा गुणाकार करणं सोपं, गुणाकारावरून त्या दोन संख्या ओळखणं कठीण. ही एकेरी वाट कोलला दीडशे रविवारांनी शिकवली. १९७७ साली रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी त्याच वाटेवर एक कुलूप बसवलं. दोन प्रचंड मूळ संख्या गुपचूप निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. संदेश बंद करायला गुणाकार पुरतो, उघडायला अवयव लागतात. आज इंटरनेटवरच्या कित्येक सुरक्षित व्यवहारांमागे ६१७ अंकी गुणाकार उभे आहेत.

त्याच वर्षी १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून छापली गेली. ती फुटली १९९४ साली, शेकडो स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून दिल्यावर. ६४ आणि ६५ अंकी दोन अवयव निघाले. त्याच १९९४ मध्ये पीटर शोरनं दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर असे अवयव झटपट पडतील.

आणि अवयव पाडणं साध्या संगणकाला कायमच कठीण राहील, हे कोणीही सिद्ध केलेलं नाही. सोपी रीत अजून सापडलेली नाही, एवढंच. आपली गुपितं कोणत्या सिद्धतेवर उभी नाहीत, ती माणसाच्या आजच्या अज्ञानावर उभी आहेत. अज्ञानाला इतकं मोठं काम याआधी क्वचितच मिळालं असेल.

*

ल्युका आणि कोल यांच्यामधलं अंतर आजही मिटलेलं नाही. कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली सिद्ध केलं की कोणतीही संख्या मूळ आहे की नाही याचा निवाडा झटपट करणारी रीत आहे; अंक वाढले तरी तिचा वेळ हाताबाहेर जात नाही. निवाड्याचा प्रश्न तत्त्वतः सुटला. उलगड्याचा सुटला नाही.

दोनाच्या १२७७ व्या घातातून एक वजा केला की ३८५ अंकी संख्या मिळते. ती संयुक्त आहे हे ठाऊक आहे. तिचा एकही अवयव आजवर हाती लागलेला नाही. १८७६ ते १९०३ या काळात आपली संख्या जिथे होती, तिथे आज ती उभी आहे.

आणि दुसऱ्या टोकाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या मर्सेनच्याच घडणीची आहे. घातांक १३,६२,७९,८४१, अंक चार कोटी दहा लाखांहून अधिक. चार कोटी अंकांच्या संख्येचा निवाडा आपण करू शकतो आणि ३८५ अंकांचा उलगडा आपल्याला जमत नाही. माणसाच्या आजच्या ज्ञानाचं माप काढायचं तर या दोन आकड्यांमध्ये ते सापडेल.

*

कोलचे दोन अवयव कोणत्याही यंत्राला लागले नाहीत. त्यांच्यावर पूल उभा राहिला नाही, कुलूपही बसलं नाही. साध्या फोनवरही आज योग्य रीतीनं ते क्षणात निघतात. मग त्या रविवारांचं काय झालं?

ते वाया गेले असं ज्याला वाटतं, त्यानं उत्तराची किंमत केली, शोधणाऱ्याची केली नाही. नंतर आलेली सोय आधीच्या श्रमाला खोटं पाडत नाही. यंत्र ज्या चाळण्या वापरतं त्यामागचे विचार हातानं गणित करणाऱ्या माणसांनीच सुचवलेले आहेत. कोणाचा तरी रविवार खर्च झाल्याशिवाय कोणाचाच क्षण वाचत नाही.

*

आता ताळा.

जुन्या अंकगणितात नवाचा ताळा घेत. संख्येतल्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायचं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९; मग १०; मग १. लहान अवयवाची ३७, मग १०, मग १. मोठ्या अवयवाची ६४, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. ताळा जुळला.

पण नवाचा ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबर, असं होत नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी तो जुळतोच. तो चूक पकडू शकतो. बरोबर असल्याची हमी देऊ शकत नाही. ती हमी पूर्ण गुणाकाराशिवाय नाही.

तो तुम्ही करावा, असं मला मनापासून सांगायचं आहे. बाराअंकी संख्या वर मांडा, नऊअंकी खाली. खालच्या संख्येत सात तीनदा आहेत, तेव्हा सातानं गुणलेली ओळ एकदाच काढली की पुरे. एक शून्य आहे, त्याची ओळ नाही. एकाच्या दोन ओळी नुसत्या उतरवायच्या. उरले नऊ, तीन आणि दोन. मग घरं सांभाळून, हातचे न विसरता बेरीज. यात दुसरी-तिसरीच्या पाढ्यांपलीकडचं काहीही लागत नाही.

या लेखातल्या बाकी सगळ्या गोष्टींसाठी तुम्हाला माझ्या शब्दावर, बेलच्या आठवणीवर, कोणत्या तरी इतिहासावर अवलंबून राहावं लागेल. बहुतेक सगळं ज्ञान आपण असंच उसनं घेतो, आणि त्यावाचून जगता येत नाही. म्हणूनच जिथे ताळा घेणं शक्य आहे, तिथे तो न घेणं मला आळसापेक्षा मोठा दोष वाटतो. मर्सेनचं नाव मोठं होतं आणि त्याच्या सांगण्यावर जग दोन शतकांहून अधिक काळ राहिलं. कोलचं नाव मोठं की लहान हे विचारायची गरजच पडत नाही, कारण त्याचं उत्तर कोणालाही पुन्हा करून पाहता येतं. दाव्यासाठी अधिकार लागतो, निवाड्यासाठी विद्या लागते, उलगड्यासाठी कष्ट लागतात. ताळ्यासाठी पाढे पुरतात. आणि ज्या ज्ञानाचा ताळा पाढे येणारा कोणीही घेऊ शकतो, त्याच्यावर कोणाचीच मालकी उरत नाही.